जिवंत वजन

कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल,
बावड्याची रिक्षा वळते तिथंच.
चोवीस वर्षं खातेफोड, भाडेपट्टे, नावातले बदल.
डुकरांचा करार पहिल्यांदाच आला.
आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा चुलीवर चढत नाही,
पण बोटांना कोण विचारतं?
बोटं टाइप करतात.

नागव्वा धोत्रे, राहणार उचगाव,
बाकड्यावर मांडी घालून बसली.
शेजारी कंपनीचा माणूस, निळं जाकीट,
उन्हातही चेन गळ्यापर्यंत.
'वाच,' म्हणाली. 'समदं वाच. बारीक अक्षरातलं आदी.'

'वराह पुरवठा करार,' मी सुरुवात केली.
ती हसली.
'वराह व्हय? गल्लीत डुक्कर, बँकेत पशुधन,
आन् तुमच्या कागदावर थेट अवतार!
बरं, फुडं.'

कलम चार. खरकटं घालायचं नाही.
म्हणजे पहाटे चारचे खानावळींचे डबे,
रश्श्याचा तवंग, वाळलेल्या भाकरी,
दोन पोरं आणि एक छोटा हत्ती,
हे सगळं बंद.
खाद्य कंपनीचं, पोत्याचा दर कंपनीचा.
ती काही बोलली नाही.
नखानं बाकड्याचा रंग खरवडत राहिली.

कलम सात. दर प्रचलित बाजारभावाप्रमाणे,
जो कंपनी वेळोवेळी जाहीर करील.
'मग बाजार म्हंजे कोन?'
जाकीटवाल्यानं माझ्याकडं पाहिलं,
टाइप मी केलंय तर उत्तरही मीच द्यावं, असं.

कलम नऊ. वजन कारखान्याच्या काट्यावर.
वाटेतली घट पुरवठादाराची.
इथं तिनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.
'हितनं गाडी सुटती तवा शंभर किलो.
कराड, सातारा, खंबाटकीत दीड तास खोळंबा,
शिरवळच्या पल्याड उतरताना त्र्याण्णव.
त्यो सात किलो घाम कुनाचा?
सही झाली की जनावर तुमचं म्हन्ता,
वाटंत मेलं की माजं.
एक काय ते ठरवा.'

'फॉरमॅट फिक्स असतो, मावशी.'

तिनं माझ्या मशीनवरचं फडकं उचललं,
त्याच्या हातावर टाकलं,
आणि आत आपला हात घालून बोटं दाबली.
दोन. मूठ. मग तीन, सावकाश.
तो अवघडून बसला, गुदगुल्या झाल्यासारखा.
त्याला ती भाषा येत नव्हती.
मला येते. वडगावच्या बाजारात आजोबांबरोबर
म्हशीच्या शेपटीमागं उभा राहून शिकलोय.
तिथं फडक्याखाली दोघांचेही हात झाकलेले असायचे.
या कागदात एकाचाच झाकलेला होता.

मग पुण्याला फोन. पाऊण तास.
तेवढ्यात दोन उसाचे रस, एक वकिलाची शिवी,
आणि तिच्या धाकट्याचा निरोप की
मोठी मादी व्याली, अकरा झाली, एक गेलं.
'धा म्हन,' ती फोनवर म्हणाली. 'गेलेलं मोजायचं न्हाई.'

कलम नऊ मी पेनानं खोडलं.
वर लिहिलं: वजन पुरवठादाराच्या शेडवर, दोघांसमक्ष.
समासात दोन सह्या.
कलम सात राहिलं तसंच.
चारही.

संध्याकाळी सहज मोजलं:
सबंध करारात 'जिवंत' हा शब्द चौदा वेळा आलाय,
आणि दर वेळी पुढं 'वजन'.

माझ्या मजुरीलाही तिनं फडकंच काढलं.
किती ठरले ते सांगत नाही,
फडक्याखालचं फडक्याखाली.
एवढंच, की तिचं बोट खरखरीत होतं
आणि मी उगाच एक आकडा कमी दाबला.

घरी हात धुताना बायकोनं विचारलं,
आज काय आलं होतं?
म्हटलं, काट्याचं भांडण.
कसला काटा, तिनं विचारलं नाही.
मीही साबण पुन्हा लावला नाही.